पिशवीभर पिल्लं धरणात सोडली, पुढे काय?

रविवारी सकाळी कट्ट्यावर जे झालं ते लिहून काढतोय, कारण दोन दिवस डोक्यातनं जातच नाहीये. कट्टा म्हणजे आमचा तळेगाव स्टेशनजवळचा, बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानाची पायरी आणि समोर नानांची चहाची टपरी, दहावीपासून आम्ही तिथेच बसतो आणि आता आमची पोरं दहावीला आली. या वेळी मंदार पण होता, तो अमेरिकेत सिएटलजवळ असतो, आईला भेटायला तीन आठवडे आलाय.

सुरुवात झाली एका फोटोवरनं. बाळ्याने व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दाखवला, कुठल्यातरी धरणावर मत्स्यबीज सोडायचा कार्यक्रम, मंडप, हार, आणि पाहुणे काठावर उभं राहून प्लास्टिकची पिशवी उलटी करतायत, पिल्लांसकट पाणी धो धो खाली. बाळ्या म्हणला, बघा किती चांगलं काम चाललंय, नद्या-धरणं रिकामी झालीत तर असंच केलं पाहिजे ना. संत्याने फोन हातात घेतला, फोटो मोठा केला आणि त्याचं तोंडच उतरलं. संत्या म्हणजे आमच्यातला गळवाला, कंपनीत सेकंड शिफ्ट नसली की सकाळी रॉड घेऊन पवनेला नाहीतर कामशेतला नदीवर, गेली वीस वर्षं हेच.

"अरे असं ओततात का? पिशवी बंद असतानाच पाण्यावर तरंगत ठेवायची असते, पंधरा-वीस मिनिटं तरी, आतलं पाणी आणि धरणाचं पाणी सारखं गार होईस्तोवर, मग तोंड सोडून थोडं थोडं बाहेरचं पाणी आत घ्यायचं आणि पिशवी नुसती आडवी करायची, पिल्लं आपली आपण निघून जातात. असं वरनं ओतल्यावर ती गरगरतात, आणि खालचे मोठे मासे आणि वरचे बगळे वाटच बघत असतात."

बाळ्या म्हणला ठीक आहे, पद्धत चुकली, पण काम तर बरोबर आहे? संत्या म्हणला काम कुठलं ते आधी सांग. पिशवीत काय होतं? बहुतेक रोहू, कटला, मृगळ, आपल्याकडे धरणात तेच सोडतात, आणि त्यात काही वाईट नाही, मच्छीमार सोसायटीचे लोक ते मोठे झाले की जाळ्यात धरतात, विकतात, घरं चालतात. पण ती शेती झाली. पेरलं आणि कापलं. त्याला संवर्धन म्हणू नको, संवर्धन म्हणजे त्या नदीचा जो मासा आहे तो त्या नदीत टिकला पाहिजे आणि पुढच्या वर्षी आपल्या आपण वाढला पाहिजे, परत पिशवी न आणता.

आता हे ऐकून बाळ्या गप्प बसणारा नाही. तो म्हणला मग लोणावळ्याचं काय? वळवणला टाटांची हॅचरी आहे ना, पिल्लं तयार करायची जागा, तिथे महाशीर मासाच करतात ना, ते पण शेतीच का?

इथे मी मध्ये पडलो कारण वळवण मी बघितलंय. बीएस्सीला झूलॉजी होतं, आमचे सर घेऊन गेले होते, पावसाळ्याचे दिवस, धुकं इतकं की धरणाची भिंत दिसत नव्हती. ते जे बघितलं ते अजून डोळ्यासमोर आहे. पोटाशी तयार झालेली मादी दोघांनी धरली, एकाने ओल्या फडक्यात डोकं झाकून, दुसऱ्याने पोटावरनं अंगठा हळू मागे सरकवला आणि खाली कोरड्या ट्रेमध्ये अंडी पडली, पिवळीधमक, साबुदाण्यापेक्षा जरा बारीक. मग नराचं पोट तसंच दाबून दुधासारखे थेंब त्यावर, आणि ते मिसळायला हात नाही, चमचा नाही, पक्ष्याचं पीस. पिसाने हलकं हलकं फिरवलं, मग पाणी घातलं. आणि मादी, नर दोघं जिवंत परत तळ्यात. अंडी जाळीच्या ट्रेमध्ये, वरनं पाणी सारखं वाहतं, तीन-चार दिवसांत पिल्लू बाहेर येतं, पण ते लगेच पोहत नाही, पोटाला पिवळी पिशवी असते ती संपेपर्यंत सगळी पिल्लं ट्रेच्या कोपऱ्यात डोकी खुपसून शेपट्या हलवत बसतात. एक बाई चिमट्याने पांढरी पडलेली अंडी वेचत होती, एक मेलेलं अंडं राहिलं तर त्याच्यावर बुरशी येते आणि शेजारच्यांना लागते म्हणून. दिवसभर तेच काम. ते बघितल्यावर मी तरी हॅचरीला नाव ठेवणार नाही.

आणि हे काम आजचं नाही, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासूनचं आहे. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले या मंडळींनी दख्खनच्या महाशीरची अंडी, त्याचं प्रजनन, पिल्लाची वाढ हे सगळं इथेच बसवलं, आधी कुणाला नीट जमत नव्हतं. कारण हा मासा रोहूसारखा नाही, रोहूची मादी किलोला लाखाच्या हिशोबात अंडी देते, ही काही हजारांत, आणि ती पण एका दमात नाही, टप्प्याटप्प्याने. त्याची अंडी जड असतात, तळाला खडी-गोट्यांत जाऊन बसतात. म्हणजे वाळू उपसली की गेलं.

नाना कपबशा धुताधुता ऐकत होते. ते म्हणले, "आमी खडस म्हणायचो त्याला. पाऊस लागला की चढणीला यायचा, वढ्यापर्यंत. आता वढा कुठंय, आन् खडस कुठंय." नाना मूळचे मावळातले, नाणे मावळ. मी म्हणलं नाना, त्याचं शास्त्रातलं नाव पण आपल्याच इथलं आहे बरं का. कर्नल सायक्स म्हणून होता इंग्रजांचा, त्याने १८३९ मध्ये हा मासा पहिल्यांदा शास्त्रात नोंदवला, पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतला मासा घेऊन, आणि नाव ठेवलं खुदरी, इथल्या लोकांच्या तोंडचंच उचललं. टॉर खुद्री. जगभरात कुणी या माशावर पेपर लिहिला तर त्याला मूळ ठिकाण म्हणून आपली मुळा-मुठा लिहावी लागते. त्या नदीच्या पुलावरनं आपण नाक दाबून जातो. हे बोलताना मला खरंच घशात आलं, कुणी काही बोललं नाही दोन मिनिटं.

बाळ्याने मग मोबाईलवर शोधून काढलं की हा मासा आययूसीएनच्या, म्हणजे निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेच्या, लाल यादीत आधी धोक्यात होता आणि आता लीस्ट कन्सर्नमध्ये आहे, म्हणजे काळजी नाही. "झालं ना मग? हॅचरीने वाचवला!" मला पण त्याचा आनंद आहे, पन्नास वर्षं पिल्लं तयार करून कुठे कुठे दिली त्यांनी, त्याचा वाटा आहेच. पण यादी सगळ्या जगातला मिळून हिशोब करते, कामशेतच्या डोहात किती आहेत हे ती सांगत नाही.

आणि मग संत्याने कावेरीचा विषय काढला, तिथनं वाद खरा पेटला.

कावेरीत एक वेगळाच महाशीर आहे, पाठीला कुबड असलेला, नारिंगी परांचा, जगातल्या सगळ्यात मोठ्या महाशीरपैकी. १९४६ साली कबिनी नदीत व्हॅन इंगेन नावाच्या माणसाने गळाने १२० पौंडाचा धरला होता, ५४ किलो, तो रेकॉर्ड लोक अजून सांगतात. या माशासाठी जगभरनं गळवाले कर्नाटकात यायचे, गालीबोरे, भीमेश्वरी, दोड्डमाकळी हे कॅम्प, नाचणीच्या उंड्याला मासा लागायचा, फोटो काढून परत सोडायचा, हा नियम. पण मासे कमी झाले होते, पाण्यात सुरुंग लावून मारायचे लोक, म्हणून सत्तरच्या दशकापासून लोणावळ्याची पिल्लं तिथे सोडायला लागले. चांगल्या मनाने. पण ती पिल्लं आपल्या खुद्रीची, निळसर परांची. कावेरीच्या कुबडवाल्याची नाहीत.

"आणि ती वाढली," संत्या म्हणला, "मस्त वाढली. गळाला भराभर लागायला लागली, गळवाले खूश, कॅम्पवाले खूश, सगळे म्हणले महाशीर वाचला. आणि खालच्या खाली कुबडवाला संपत चालला हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण सगळेच महाशीर, मोजताना एकच नाव."

बाळ्या म्हणला असं कसं, एवढा मोठा मासा कळत नाही? संत्या म्हणला, अरे तेच तर ना, त्याला शास्त्रात नावच नव्हतं धड. २००७ साली केरळात पांबार नदीत, ती कावेरीचीच उपनदी, तिथे छोटे मासे सापडले त्यांना टॉर रेमादेवी नाव दिलं, झूलॉजिकल सर्व्हेच्या के. रेमा देवी यांच्या नावावरनं, आणि तोच कावेरीचा कुबडवाला हे पक्कं झालं २०१८ मध्ये. नाव मिळालं त्याच वर्षी लाल यादीत गेला, एकदम शेवटच्या पायरीवर, अतिसंकटग्रस्त. नाव नसलेल्या माशाला वाचवायचं कसं, कागदावर तो नाहीच.

वैशाली इतका वेळ ऐकत होती. ती बँकेत आहे, घर माळकरी, मासा खाणं सोडाच पण बाजारातनं जाताना पण वाट बदलते. ती म्हणली मला एक सांगा, हे सगळं त्या गळवाल्यांच्या हौशीपायी झालं ना? त्यांना गळाला मासा लागायला पाहिजे म्हणून दुसऱ्या नदीची पिल्लं आणून टाकली. आणि खायचा नाही तर धरायचाच कशाला, तोंडात आकडा घालून, दमवून, फोटो काढून सोडायचा, त्याला दुखत नसेल का? पोटासाठी मारणारा मला एकवेळ समजतो.

प्रश्न सरळ होता आणि संत्या जो माणूस दर आठवड्याला गळ टाकतो तो खाली बघत बसला. मग म्हणला, वैशू, दुखत असणार. मी नाही म्हणत नाही. मी बार्ब, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, चेपून टाकलेला आकडा वापरतो, मासा पाण्याबाहेर काढत नाही, तरी त्याला त्रास आहेच. पण पुढचं ऐक. कुबडवाला संपतोय हे कळलं कुणामुळे? त्या कॅम्पच्या वह्यांमुळे. कोण आला, किती तास गळ टाकून बसला, कुठला मासा लागला, वजन किती, सगळं लिहिलेलं, १९९८ पासून २०१२ पर्यंत, सहा हजारांच्या वर माशांची नोंद. इंग्लंडच्या एड्रियन पिंडर आणि केरळच्या राजीव राघवन या मासे-अभ्यासकांनी त्या वह्या काढून बसून हिशोब केला तेव्हा दिसलं की निळ्या परांचे वाढतायत, कुबडवाले कमी कमी, आणि जे लागतायत ते सगळे मोठे. मोठे म्हणजे म्हातारे. लहान लागतच नाहीत, म्हणजे नवीन पिढीच नाही. हे कुठल्या सरकारी फाईलमध्ये नव्हतं, हौशी माणसांच्या वहीत होतं. आणि कॅम्प होते तोवर नदीवर माणसांचा वावर होता, आधी चोरून मासे मारणारेच कितीतरी जण तिथे गाईड झाले होते, सुरुंगवाल्यांना तेच हाकलायचे. मग अभयारण्यात गळाला बंदी आली, गळ गेला, वह्या पण गेल्या.

वैशाली म्हणली, म्हणजे गळामुळे चूक झाली आणि गळामुळेच कळली. संत्या म्हणला हो, तसंच.

मंदार मग बोलायला लागला आणि मला वाटतं त्याचं सगळ्यात उपयोगी होतं. तो राहतो त्याच्या शेजारी इसाक्वा गाव आहे, गावाच्या मधोमध सॅल्मनची हॅचरी, १९३० च्या दशकात मंदीच्या काळात लोकांना रोजगार म्हणून बांधलेली. शाळेची पोरं बघायला येतात, काचेतनं मासे पायऱ्यापायऱ्यांनी उड्या मारत वर येताना दिसतात, समुद्रातनं परत आपल्या ओढ्याला. पण त्याने सांगितलेली गोष्ट वेगळीच. तिथे हॅचरीतनं बाहेर पडताना पिल्लाचा एक छोटा पर कापतात. पाठीवरचा मोठा पर आणि शेपूट यांच्यामध्ये एक बोटाच्या पेरापेक्षा लहान, मांसल, बिनकाट्याचा पर असतो, ॲडिपोज फिन, तो कापला तरी पोहायला फारसं अडत नाही. मग चार वर्षांनी गळाला मासा लागला की पाण्यातच अंगठा पाठीवरनं फिरवायचा, पर नसेल तर हॅचरीचा, घरी न्यायला परवानगी, पर असेल तर नदीत जन्मलेला, सोडून द्यायचा. बऱ्याच नद्यांवर हाच नियम. "मी पोराला पहिल्यांदा नेलं तेव्हा मासा लागला आणि त्याने बोट फिरवून बघितलं आणि पर लागला हाताला. रडकुंडीला आला पण सोडला." मंदार हे सांगताना स्वतःच्या मनगटाच्या मागे अंगठा फिरवत होता.

बाळ्या एकदम उत्साहात, मग आपण पण कापू! मी म्हणलं महाशीरला तो परच नसतो. रोहू, कटला, महाशीर, ही सगळी कार्पची जात, यांना ॲडिपोज फिन नाहीच. दुसरी काहीतरी खूण शोधावी लागेल. पण विचार महत्त्वाचा आहे, हॅचरीचा कुठला आणि नदीचा कुठला हे कळलं पाहिजे, नाहीतर पिल्लं सोडत राहायची आणि ती जगली का मेली, का नदीतल्यांचंच खाणं पळवलं, काहीच कळत नाही.

पैसे कोण देतं हे वैशालीने विचारलं, बँकवाली ती. मंदार म्हणला गळवालेच. लायसन्सची फी आणि रॉड-रीलवर टॅक्स, १९५० पासूनचा कायदा आहे, ते पैसे राज्यांना माशांच्या कामासाठीच मिळतात. नाना म्हणले, "हितं लावा म्हनावं, मी पैला भरतो." नाना वर्षात एकदा पण गळ टाकत नाहीत.

पण मंदारनेच पुढे असं सांगितलं की बाळ्याचा उत्साह जरा उतरला. माँटाना राज्यात मॅडिसन नदी आहे, ट्राउट माशांसाठी प्रसिद्ध. तिथे वर्षानुवर्षं हॅचरीचे ट्राउट सोडायचे. डिक व्हिन्सेंट नावाच्या तिथल्या सरकारी जीवशास्त्रज्ञाने मोजणी करून बघितलं तर जिथे सोडणं थांबवलं तिथे जंगली ट्राउट वाढले. लोक चिडले होते त्याच्यावर, दुकानदार, गळवाले सगळे. तरी १९७४ मध्ये राज्याने ठरवलं, जिथे जंगली ट्राउट आपल्या आपण टिकतात त्या नद्यांत हॅचरीचा मासा सोडायचा नाही. आणि आज माँटानाला लोक त्या जंगली ट्राउटसाठीच जातात.

"म्हणजे हॅचरी बंद?" बाळ्या. तो खरंच कळवळून विचारत होता, वाद घालायला नाही.

नाही रे. आणि इथे माझं मत मी ठामपणे सांगितलं. जिथे नदीत मासा अजून अंडी घालतोय तिथे आपण नदी सांभाळायची, वाळू थांबवायची, बंधाऱ्याला माशाला चढायला वाट ठेवायची, सांडपाणी थांबवायचं. जिथे मासा गेलाच आहे पण पाणी परत जगण्यासारखं झालंय तिथे हॅचरी पाहिजेच, दुसरं कोण आणून देणार, पण त्याच नदीचे नर-मादी घेऊन, दरवेळी वेगवेगळे, दोन-चार जोड्यांचीच लाखो पिल्लं नकोत, सगळी भावंडंच व्हायची. आणि जिथे पाण्याला फेस येतोय तिथे पिशव्या ओतणं म्हणजे पिल्लांना मारणं. वळवणचं तळं इंद्रायणीच्याच खोऱ्यात आहे. वर माशाला बोटाने जपून वाढवतात आणि त्याच नदीला खाली आळंदीत फेसाचे डोंगर. मधल्या पट्ट्यात आपण राहतो, हे सगळं आपल्या गटारातनं पण जातंय.

यावर बाळ्या जरा चिडला, म्हणला तुझं ऐकलं तर नदी साफ होईपर्यंत काहीच करायचं नाही, वीस वर्षं लागतील, तोवर बी पण शिल्लक राहणार नाही. हा मुद्दा त्याचा बरोबर आहे आणि मी तिथेच कबूल केला. बी जपायला हॅचरी लागते. वळवणला जे जपलंय ते उद्या नदी सुधारली तर लागणार आहे.

वैशालीने मग वाळणकोंडचं सांगितलं. महाडजवळ काळ नदीवर, वरदायिनी देवीचा डोह, तिच्या मावशीचं गाव त्या बाजूला. तिथे महाशीर आहेत, देवीचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही, लाह्या टाकल्या की हातभर लांबीचे मासे वर येतात, काळेभोर पाठीचे, पाणी घुसळून निघतं. "तिथे हॅचरी नाही, गळ नाही, लायसन्स नाही. लोकांनी ठरवलंय धरायचा नाही, बास." संत्या म्हणला खरंय, पण एका डोहापुरतं खरंय, वरच्या अंगाला कुणी काही विष सोडलं तर देवी काय करणार. वैशालीला ते लागलं. ती म्हणली देवी नाही, पण गाव करेल, गावाला तो डोह आपला वाटतो, तुझ्या धरणातल्या पिशवीतल्या माशाला आपला म्हणणारं कोण आहे? संत्या याच्यावर काही बोलला नाही. मला अजून याचं उत्तर सापडलेलं नाही.

साडेअकरा वाजले, ऊन पायरीवर आलं, मंदारच्या आईचा फोन दोनदा येऊन गेला. उठताना मंदारने संत्याला विचारलं तू वही ठेवतोस का? वीस वर्षं गळ टाकतोयस, कुठे काय लागलं लिहिलंयस? संत्या म्हणला नाही, फोटो आहेत थोडे. मंदार म्हणला मग वीस वर्षं गेली. जे लागलं नाही ते पण लिहायचं असतं, तास महत्त्वाचे, गालीबोरेला तासांमुळेच हिशोब लागला.

संत्या काही न बोलता नानांच्या टपरीशेजारच्या दुकानात गेला आणि शंभर पानी वही घेऊन आला. मंगळवारी संध्याकाळी त्याने मला पहिल्या पानाचा फोटो पाठवलाय. कामशेत, पुलाच्या वरचा डोह. पाणी गढूळ. सकाळी सहा ते नऊ, कणकेचा गोळा. तिलापिया दोन. खडस नाही.